गोठ्याच्या कोनाड्यातले ग्लास

गंगारामदादा कुणाच्याही घरी गेले की त्यांचा डोळा आधी गोठ्याच्या कोनाड्यावर जायचा. गोठ्यात जाणं ही त्यांची नोकरीच होती. आमच्या गावच्या गुरांच्या दवाखान्यात ते व्रणोपचारक होते. पार हट्ट्यापर्यंतच्या गावांतली गुरं त्यांच्या हाताखालून गेलेली. मलमपट्टी झाली की हात धुवायचे, सायकलला पिशवी अडकवायचे आणि घरधन्याला अगदी सहज विचारायचे, "तो कोनाड्यातला ग्लास कामाचा न्हाई न तुमच्या? मंग द्या मला." लोक हसून देऊन टाकत. घरोघरी स्टील आलं होतं, जुन्या काचेला कोण विचारतो?

नव्वद सालानंतर मी गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. शाळेचे अध्यक्ष माझे सख्खे काका, तेव्हा कसा लागलो हे वेगळं सांगायला नको. आमची गाय दाखवायला म्हणून मी एकदा दादांना बोलवायला गेलो, तर ते अंगणात पत्र्याची पेटी उघडून बसलेले. जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेले ग्लास एकेक काढून पुसत होते. माझी उत्सुकता बघून त्यांनी एक ग्लास माझ्या हातात दिला. त्यानंतर कित्येक रविवार मी त्या अंगणात काढले.

"डोळ्यानं नगा पाहू गुरुजी, बोटानं पहा," ते म्हणायचे. "ही नक्षी बोटाला लागती, म्हंजी चाकावर कापलेली हाय. अन् ही गुळगुळीत, म्हंजी साच्यातली. बाजूनं शीर पहा साच्याची." ग्लास उलटा करून बुडाचा खडबडीत वण दाखवायचे. "हिला बेंबी हाय. फुकून केलेली काच. नळीवरून तोडली की वासरावानी बेंबी राहती." नखानं टिचकी मारून नाद किती वेळ टिकतो ते ऐकवायचे. बुडावरचे बारीक ओरखडे तर त्यांना फार प्रिय. "हे घासणं खोटं करता येत न्हाई. वर्सानुवर्सं दगडावर ठेवल्याबिगर असं बूड व्हत न्हाई." ही विद्या त्यांनी नांदेडच्या एका म्हाताऱ्या झुंबरवाल्याच्या दुकानात सुट्टीच्या दिवशी बसून मिळवली होती. मी बी.एड. झालेला माणूस, पण कुणाकडे बसून इतकं शिकल्याचं मला आठवत नाही.

एकदा पेटीतला एक फिकट जांभळा ग्लास मी उचलला. कडेनं द्राक्षांचा वेल कापलेला. रंग फार सुंदर आहे, म्हणालो.

"रंग न्हाई तो," दादा म्हणाले. "जुन्या पांढऱ्या काचेत एक औषध टाकायचे. ती उन्हात ऱ्हायली की जांभळी पडती. कपाटातली पांढरीच ऱ्हाती." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यो तुमच्याच घरचा हाय."

आमच्या कपाटात तसलेच पाच ग्लास होते, पांढरेशुभ्र. निजामाचे अंमलदार आले की सरबत द्यायला आजोबांनी हैदराबादहून सहा आणले होते. सहाव्याचं काय झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती, लहानपणी मी तो पाहिलेला होता. घरातली पितळी भांडी घरच्यांची. ज्यांना शिवू द्यायचं नाही त्यांच्यासाठी गोठ्याच्या भिंतीत, उन्हापावसात, एक काचेचा ग्लास. आलेल्या माणसानं तो आपल्या हातानं काढायचा, वरून ओतलेलं पाणी प्यायचं, विसळायचा आणि परत ठेवायचा. दादांचे वडील आमच्याकडे राबायला यायचे.

"माझा बाप ह्याच्यातून पाणी प्याला, जल्मभर," दादा म्हणाले.

तुम्हाला राग येत नाही का, असं मी विचारलं. विचारू नये ते विचारायची मास्तरांना सवय असते.

"ग्लासावर काहून राग धरू? ग्लास चांगला हाय."

पेटीतला प्रत्येक ग्लास असाच, कुणाच्या तरी कोनाड्यातला होता. कपाटातला एकही नाही. आणि कुठल्या गावचा, कुणाच्या घरचा, त्यातून कोण पाणी प्यायचं, हे दादांना तोंडपाठ होतं.

हिंगोली जिल्हा झाला त्या सुमारास शाळेत एक प्रदर्शन ठरलं. जुन्या वस्तू मांडायच्या होत्या. मीच दादांच्या मागे लागलो. बरेच दिवस त्यांनी दाद दिली नाही. शेवटी म्हणाले, "देतो. पर चिठ्ठ्या माझ्या राहतील. ग्लास समद्यांनी पाह्यले हायेत गुरुजी, नावं कुणी वाचली न्हाईत." मी शब्द दिला. त्यांनी अकरा ग्लास निवडले, अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. आमच्या ग्लासापुढे आमचं घर, त्यांच्या वडिलांचं नाव आणि 'यांना पाणी वरून ओतत' एवढंच होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी दादा मांडणी करून कपडे बदलायला घरी गेले. तेवढ्यात काका आले. वाकून चिठ्ठ्या वाचल्या. "पाहुणे यायच्या आधी हे काढ," एवढंच म्हणाले. काकांना भ्यालो असं सांगून मला सुटता येईल. खरं तर ती चिठ्ठी मलाही नकोच होती. अकराच्या अकरा चिठ्ठ्या मी माझ्या हातानं उचलून खिशात घातल्या आणि त्या जागी वळणदार अक्षरात लिहून ठेवलं, 'निजामकालीन काचपात्र'.

दादा पांढरे कपडे घालून बायकोसह आले. तिला अक्षरओळख नव्हती, ती कौतुकानं बघत राहिली. दादांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"अक्षर चांगलं हाय तुमचं," ते म्हणाले.

पाहुण्यांनी नेमका तो जांभळा ग्लास उचलला. दादांनी काचेला उन्हानं रंग चढतो ते समजावून सांगितलं. "मग हा उन्हात कशासाठी ठेवला होता?" पाहुण्यांनी विचारलं. दादा माझ्याकडे बघत राहिले. काकाही बघत होते.

"शोभेसाठी," मी म्हणालो.

संध्याकाळी दादांनी ग्लास चिंध्यांत गुंडाळून नेले. त्यानंतर गुरं बघायला ते आमच्याकडे येत राहिले, नोकरीच होती ती. पण पाणी विचारलं तर म्हणत, "आताच पेलो." अंगणातले रविवार संपले. माफी मागायला मी दोनदा निघालो आणि वेशीतून परतलो. मग ते निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले.

त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा चिठ्ठ्या बरोबर नेल्या. इतकी वर्षं त्या माझ्या टेबलाच्या खणात होत्या. थोरल्या मुलानं पेटी उघडली. पन्नासेक ग्लास होते.

"बाबांनी पुन्हा कायच लिहिलं न्हाई," तो म्हणाला. "आमी म्हनायचो, वहीत लिहून ठिवा. तर म्हने, लिहिलेलं लोक काढून टाकतेत." त्यानं माझ्या हातातल्या चिठ्ठ्या पाहिल्या. "गुरुजी, ह्या तरी लावून द्या न, कोन्ती कोन्त्या ग्लासाची ते."

मी खाटेवर बसलो. चिठ्ठीवर घराचं नाव होतं, माणसाचं नाव होतं. ग्लासाचं वर्णन नव्हतं. ग्लास समोर असताना त्यांना त्याची गरजच काय होती? आमची चिठ्ठी तेवढी मी बरोबर लावली. उरलेल्या दहा माणसांची नावं हातात घेऊन मी बराच वेळ त्या पेटीत बघत बसलो. मुलगा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, गुरुजी."