पेवाच्या तोंडाशी दोनदा हाक

मी नदीकडं पळत होते आणि माझी पोरगी माझ्या पाठीमागं राहिली होती... हे नंतर कळलं. तवा एवढंच दिसत होतं की घाटावर यशू न्हाई, पाण्यात काय हालत न्हाई. चप्पल कुठं सुटली म्हाईत न्हाई. धुणं धुणाऱ्या एका बाईला म्हणलं, "पिवळ्या फ्राकातली पोरगी बघितली का हो, तीन वर्साची व्हायची हाय अजून," तर ती म्हणली, "इकडं कुणीबी आलं न्हाई गं, आदी आवारात बग नीट." आवार मी बघितलं होतं. पोत्यांच्या मागं, वजनकाट्याच्या खाली, टेम्पोच्या चाकापाशी, सगळीकडं. म्हंजे मला वाटत होतं सगळीकडं.

आता हे वाचून तुमी म्हणाल, झालं, हिला पण भूत दिसलं. तर आदीच सांगते, मी तसली बाई न्हाई. आमच्या घरात बुद्धवंदना होती, अंगारा-धुपारा न्हाई. लिंबू-मिरची दारात दिसली तर मी पायानं बाजूला करती. शिक्षण नववीपर्यंत, पुढं लग्न झालं. पण डोकं ठिकाणावर हाय माझं. जे झालं तेच लिव्हते, मीठमसाला न्हाई.

मी सांगलीच्या एका हळदीच्या शेठकडं कामाला हाय, हरिपूर रस्त्याला नदीच्या अंगाला त्यांचं आवार हाय. माझं मालक, म्हंजे यशूचे पप्पा, शिरवळला कंपनीत हायत, रविवारी येत्यात. यशूला संबाळायला कुणी न्हाई म्हणून मी तिला बरोबरच आणती. आवारात जुनी पेवं हायत. पेव म्हंजे जमिनीत खणलेली हळदीची कोठी. तोंड एवढंसं, माणूस अंग चोरून उतरंल, आणि आत पोट हे भलं मोठं. हळद वरपर्यंत भरायची, तिच्यावर उसाचं पाचट अंथरायचं, तोंडावर फरशी सरकवायची आणि मातीनं लिंपून टाकायचं. झालं काम. मग कैक महिने उघडायचं न्हाई.

शेठच्या मुलानं म्हणलं की समदं कॉम्प्युटरवर आणूया. म्हणून पुण्याहून ऋता मॅडम आल्या. कन्सल्टंट. मला वाटलं कॉम्प्युटर घिऊन येतील, तर त्या नुसत्या विचारतच बसल्या. माल आला की काय? मग काय? मग कोण? त्यानं न्हाई केलं तर काय? माझ्याकडं पोत्यांचा हिशेब मोबाईलवर टाकायचं काम येणार होतं, म्हणून मलाच लिंबाखाली समोर बसवलं आन मोबाईल मधी ठेवला.

"रेकॉर्ड करतेय हं, नंतर ऐकून लिहिते."

"करा की. माझा आवाज काय बरा न्हाई पण."

दोघीच होतो. दुपार होती, माणसं जेवायला गेली होती. यशू माझ्या मांडीवर झोपली होती. हे मी छातीवर हात ठिवून सांगते, तिसरं माणूस तिथं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ऑफिसच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. एक काम, एक चिठ्ठी, मधी बाण. म्हणल्या, आधी काम कसं चालतं ते चित्र पक्कं करायचं, मग त्याच्यावरनं डेटाबेस बांधायचा, कुठला रकाना कुठल्या रकान्याला जोडायचा ते. लय छान दिसत होतं. पाचट, बाण, मग एक गुलाबी चिठ्ठी – 'हाक, दोनदा' – बाण, फरशी.

मी म्हणलं, "हे कुठलं आणलं मॅडम?"

"तुमच्या इथल्या काकांनी सांगितलं ना. रेकॉर्डिंगमध्ये आहे. झाकायच्या आधी आत हाक मारायची, एकदा मारून भागत नाही, दोनदा मारायची."

"कुठलं काका?"

"बोलले की मध्येच. मला वाटलं कुणी मागनं जाताना बोलले असतील."

बशीरचाचा हसायला लागलं. चाचा आमच्याकडं पेवं लिंपायचं काम करत्यात, त्यांच्या आज्यापासून हेच काम. म्हणलं, "आवो मॅडम, उघडताना कंदील सोडायची पद्धत हाय, आत वायू असतोय म्हणून. झाकताना कुणाला हाक मारायची? हळदीला? उलट माझा आजा म्हणायचा, पेवाच्या तोंडात उगं बोलू नका."

मॅडम मऊ बोलत्यात पण हट्टी हायत. म्हणल्या, कुणीतरी सांगितलंय म्हणजे कुठंतरी होत असणार, राहू दे, आत कुणी राहिलं नाही ना हे बघायला बरंच आहे. आणि त्यांनी ते तसंच बसवलं. मोबाईलवर पेव बंद करायचं तर आदी हाकेचे दोन रकाने भरायचे. ते रिकामे ठिवून पुढं जाताच येत न्हाई.

आमी काय, दाबायचो दोन्ही पटापट. कुणी हाक मारतंय? तर मॅडमना पुण्यात बसून कळलं, कारण दोन्ही हाकांची वेळ एकच पडायची. मग त्यांनी असं केलं की बटण दाबून खरंच ओरडायचं, मोबाईलनं आवाज धरला तरच पुढं. आणि पहिल्या हाकेनंतर जरा थांबून मगच दुसरीचं बटण उजळतंय. माणसं वैतागली. चाचा म्हणलं, "रेश्मा, तुज्या मॅडमना सांग, घरी माझी बायको ऐकत न्हाई आणि हितं मोबाईलला ऐकवायला लागतंय."

आता त्या दिवसाचं सांगते. एक पेव भरलं होतं, माल कमी पडल्यानं वर हातभर जागा मोकळी होती. पाचट टाकून झालं आणि माणसं च्याला गेली. यशू पोत्याच्या सावलीत बाहुली घिऊन बसलेली. मी वजनं टाकत होते. वर बघितलं तर बाहुली हाय, पोरगी न्हाई.

मग काय झालं ते वर लिव्हलंच हाय. मोबाईल तिथंच फरशीवर टाकला आणि पळाले. नदी जवळ, म्हणून डोक्यात नदीच आली. चाचा आणि माणसं च्या पिऊन आली तवा मी घाटावर. त्यांना काय म्हाईत पोर हरवली? गाडी लागायची होती, शेठ घाई करत होते. चाचांनी पेवात डोकावलं बी होतं. पण तोंड लहान आणि पोट मोठं, कडंला काय हाय ते वरनं दिसत न्हाई. फरशी अर्धी सरकवली आणि म्हणलं मोबाईलवर बंद करून टाकू, रेश्मा कुठं गेली कुणाला ठावं. मोबाईल पुढं सरकंना. हाक मागत होता.

चाचा मोबाईल धरून आत ओरडलं, "कोण हाय का रंऽऽ?" काय न्हाई. माणसं हसली. फरशी ढकलायला हात लावला तर शेठ म्हणलं, "थांबा, अजून एक हाक मागतंय ते बेणं." चाचा दुसऱ्यांदा ओरडलं.

आतनं यशू रडली.

ती उतरली असंल पाचटावर, घसरत कडंला गेली असंल आणि तिथंच पाचटात शिरून झोपली. पहिल्या हाकेनं चाळवली असंल, दुसरीनं उठली. एकच हाक मारून फरशी टाकली असती आणि माती लिंपली असती तर... मी पुढचं लिव्हत न्हाई. मला लिव्हता येत न्हाई ते.

मी घाटावरनं वर आले तवा चाचांच्या खांद्यावर ती होती, केसात पाचट, हातापायाला हळद लागलेली, जशी काय लग्नातली. चाचा माझ्याकडं बघंनात. मला म्हणलं, "बेटा, मी झाकणार होतो गं." मी पोरीला घेतलं आणि खालीच बसले.

मिरजेला दवाखान्यात दाखवलं. पोरगी ठणठणीत. डॉक्टर म्हणले भूक लागलीय तिला, खायला घाला.

आता तुमी म्हणाल ह्यात अमानवीय काय, मॅडम हुशार, सिस्टीम चांगली, पोर वाचली. मी बी तेच म्हणत होते. मॅडम ऐकल्यावर पुण्याहून आल्या, यशूला फ्राक आणला. मी म्हणलं मॅडम, ते काका कोण ते शोधा, मला त्यांच्या पाया पडायचंय. मग आवारातल्या एकेका माणसाला विचारलं. शेजारच्या आवारात विचारलं. कुणीच न्हाई बोललं. शेठ म्हणले टीव्हीचा आवाज असंल कुठला. टीव्हीवर पेव झाकायचं कोण सांगतंय? चाचांना ऐकवतो म्हणल्यावर चाचा उठून नमाजाला गेले, ते परत त्या विषयावर बसलेच न्हाईत.

मॅडमनी कानात घालायची ती वायर माझ्या हातात दिली. म्हणल्या, साधाच आवाज आहे, घाबरण्यासारखं काही नाही. कामात असलेला माणूस जरा वैतागून सांगतो तसा. पण रेश्माताई, आता परत नीट ऐकलं तेव्हा लक्षात आलं, तुम्हालाच विचारायला हवं, कारण तुम्ही ओळखता त्यांना.

मी म्हणलं, "मी?"

"हो. ते बोलल्यावर तुम्ही म्हणताय ना, 'व्हय आबा, दोनदा.'"

मी हे बोलले न्हाई. मला पक्कं ठावं हाय, मी बोलले न्हाई. आमच्यात आबा कुणीच न्हाई, माझ्या माहेरी न्हाई, सासरी न्हाई. मी जन्मात कुणाला आबा म्हणलं न्हाई. आणि मॅडम म्हणतात आवाज माझाच हाय, मांडीवरची यशू कुरकुरली तेबी त्यात ऐकू येतंय.

वायर माझ्या हातात होती. कानापासनं वीतभर. मी ती परत दिली आणि म्हणलं, मला ऐकवू नका, पण मोबाईलमधनं पुसूबी नका. मॅडमकडं अजून हाय ते. मी मोबाईल घिऊन रोज कामाला जाती, हाकबी मारती, दोनदा, मोठ्यानं, आणि कुणाला हसू देत न्हाई. पण अजून मला कळत न्हाई मी त्या दुपारी कुणाला 'व्हय' म्हणलं. ऐकलं तर कदाचित आवाज ओळखू यील. न्हाईतर ओळखणार न्हाई, आणि माझाच आवाज त्याच्याशी बोलताना ऐकायला लागंल... ह्यातलं कुठलं जास्त वाईट तेच ठरत न्हाई.

तुमी असता तर ती वायर कानात घातली असती का?