दोन्ही करते

मिरजोळ्याच्या ज्ञानेश्वरीला वाडीत कुणी इंजिनीअर म्हणत, कुणी प्रोफेसर. दोन्ही हाका तिला नकोशा झाल्या होत्या, पण सांगणार कुणाला?

बारावीनंतर तिला अर्थशास्त्र शिकायचं होतं. सकाळी महाग असलेला बांगडा दुपारी स्वस्त का होतो, असल्या प्रश्नांत तिला गोडी. आप्पांना मात्र मुलगी इंजिनीअर व्हायला हवी होती. औद्योगिक वसाहतीत लेथवर त्यांची उमर गेली. ड्रॉइंग घेऊन केबिनमधून बाहेर येणारी माणसं ते रोज बघत. घरात अबोला सुरू झाला. शेवटी तीच कंटाळून म्हणाली, "दोन्ही करते." दिवसा मेकॅनिकल आणि दूरशिक्षणातून अर्थशास्त्र. आता एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगीही होती.

आप्पांना आकाश ठेंगणं झालं. गणपतीत वाडीच्या मंडळाने शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार केला. त्यानंतर माघार घ्यायची सोयच उरली नाही.

आठवडाभर कॉलेज, जर्नलं, ड्रॉइंग, रविवारी अभ्यासकेंद्र. मामेबहिणीच्या लग्नातही ती मांडवामागे राष्ट्रीय उत्पन्नाचं पुस्तक घेऊन बसली, आणि नातेवाईक कौतुकाने तिला एकमेकांना दाखवत राहिले. डोकं दुखतं म्हटलं की आई, मथुरा, बदाम भिजत घाली.

तिसऱ्या वर्षी वेळापत्रक लागलं. मशीन डिझाइन आणि अर्थशास्त्र, दोन्ही पेपर एकाच सकाळी! तिला एकदम हलकं वाटलं. घरी येऊन म्हणाली, "आप्पा, आता एक सोडावंच लागणार."

दुसऱ्या दिवशी आप्पा अर्धी रजा टाकून, कारखान्याच्या कपड्यांतच अभ्यासकेंद्रावर गेले आणि तिथल्या बाईंपुढे हात जोडून उभे राहिले. संध्याकाळी अंगणात गाडी लावता लावताच ओरडले, "झाला गो काम! तो पेपर पुढच्या सत्रात दिलास तरी चालतो."

मथुरेने देवापुढे साखर ठेवली. ज्ञानेश्वरीला पडवीतच रडू फुटलं.

"आप्पा, मला एकच करायचंय."

आप्पा पायरीवर बसले. चपलेचा अंगठा चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग सोड. मी काय बोलत नाय. कुठला सोडतंस?"

ह्याच प्रश्नाची ती इतकी वाट बघत होती. पण गेल्याच महिन्यात तिच्या ड्रॉइंगवरून बनलेला गिअर न अडखळता फिरला, तेव्हा वर्कशॉपमध्ये ती एकटीच हसली होती. आणि अर्थशास्त्राचं पुस्तक कायमचं मिटायचं, हेही तिला नको होतं. आजवर आप्पांनी अडकवलं असं मनात म्हणता येत होतं. आता तेही राहिलं नाही.

"माहीत नाय," ती म्हणाली.

मशीन डिझाइनचा पेपर तिने दिला. अर्थशास्त्राचा अजून बाकी आहे. "काय गो, कधी संपणार तुझा शिक्षण?" असं वाडीत कुणी विचारलंच, तर आप्पा मध्ये पडून आंब्याच्या मोहराचं बोलणं काढतात. ज्ञानेश्वरी तेवढ्यात पाठीला दप्तर अडकवून एसटी गाठायला निघते.