पाच धातूंचा पंखा

डिप्लोमाला माझ्याशेजारी बसणारा मित्र पुढे धातुशास्त्र शिकून पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागला. मी रत्नागिरीला परतलो आणि एमआयडीसीत लेथ टाकला. मासेमारीच्या ट्रॉलरचे पंप दुरुस्त करणं हे माझं मुख्य काम. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातला पंखा खाऱ्या पाण्याने आणि रेतीने दोन हंगामांत झिजायचा.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मित्र एक पंखा घेऊन आला.

"पोलादात लोखंड मुख्य, बाकीचे चवीपुरते. यात मुख्य कोणीच नाही," तो म्हणाला. "लोखंड, निकेल, कोबाल्ट, क्रोमियम सारख्या मापाने आणि थोडं मॉलिब्डेनम. जगात आत्ता कुठे यावर लिहायला लागलेत. समुद्रात टिकतो का, ते तू बघ."

मी सवयीने लोहचुंबक लावून पाहिलं. चिकटलं नाही.

मिरकरवाडा बंदरातले एक चाचा माझ्या वडिलांपासूनचे गिऱ्हाईक. त्यांच्या बोटीवर तो पंखा बसवला. "तू सांगतोस म्हणून," एवढंच ते म्हणाले. हंगाम संपल्यावर पंप उघडला, तर पात्यांच्या कडा जशाच्या तशा. मी तिथूनच मित्राला फोन लावला. "टिकला रे!" मी ओरडलोच. जणू मीच तो ओतला होता.

मित्राने नोकरी सोडून कारखाना काढला. मी जेट्टीवर फिरून दहा-बारा नाखवांच्या, म्हणजे बोटमालकांच्या, गळी ते पंखे उतरवले. "काही झालं तर मला धरा," असं प्रत्येकाला सांगितलं. चाचांनी आपल्या दुसऱ्या बोटीसाठीही एक घेतला.

दिवाळीनंतर ती दुसरी बोट दाभोळसमोर बंद पडली. इंजिन तापून जाम झालं होतं. दुसऱ्या ट्रॉलरने ओढून आणली. पंप उघडला, तर पाती उंदराने कुरतडल्यासारखी. मी लोहचुंबक जवळ नेलं मात्र, ते टकदिशी चिकटलं. हे कसलंतरी स्वस्त पोलाद होतं. शिक्का मात्र मित्राच्या कारखान्याचाच.

मी मित्राला फोन केला.

"कोबाल्ट परवडत नाही रे," तो शांतपणे म्हणाला. "आणि तिकडे कोणाला कळणार?"

"मला कळलं."

"तू आपला माणूस आहेस. तू कशाला बोलशील?"

मी फोन ठेवला. खोटा माल दिल्याचा राग होताच. पण माझं गप्प राहणं त्याने आधीच गृहीत धरलं होतं, ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक नाखवाकडे जाऊन खरं सांगितलं आणि सगळे पंखे पदरच्या पैशाने बदलून नेहमीचे बसवून दिले. कोणी शिव्या दिल्या, कोणी हसले. चाचांनी पंखा बदलून घेतला. पुढच्या हंगामात त्यांच्या बोटी दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये गेल्या.

दोन वर्षांनी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एक बाई आल्या. त्यांनी तसाच मिश्रधातू तयार केला होता, अगदी अस्सल. "एखाद्या बोटीवर लावून बघाल का?" त्यांनी विचारलं. नमुन्याला लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही; तो खरा आहे हे मला कळलं. तरी मी म्हणालो, "बाई, इथे आता कोणी घेणार नाही."

मी कोणाला विचारलंसुद्धा नव्हतं.