क्यूसी रूमच्या कॉम्प्युटरला कुलूप

तिसऱ्यांदा स्क्रीनवर तोच निरोप आला. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड. तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.’ अडचण एवढीच होती की त्या कारखान्याची अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मीच होते. मी कुणाशी संपर्क साधायचा?

गोष्ट विंडोज २०००च्या काळातली. शरणपूर रोडवर माझं कॉम्प्युटर मेंटेनन्सचं छोटं ऑफिस होतं आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतले पाच-सहा कारखाने माझ्याकडे होते. हा त्यातला एक. इथे गाड्यांसाठी बुश बनायचे. बुश म्हणजे मधे भोक असलेला लोखंडी तुकडा. त्या भोकाला बोअर म्हणतात. बोअर ठरल्यापेक्षा मोठा झाला की बुश सैल बसतो आणि पुढे गाडीत खडखडाट सुरू होतो.

त्या दिवशी दुपारी तीनला पुण्याच्या ग्राहक कंपनीचा माणूस तपासणीला येणार होता. त्यांनी रिपोर्टचा नवा फॉर्म पाठवला होता आणि तो कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या जुन्या ऑफिस पॅकेजमध्ये उघडत नव्हता. पॅकेज अपडेट करायचं, फॉर्म उघडायचा, प्रिंट काढायची. अर्ध्या तासाचं काम म्हणून मी अकराला पोचले होते.

“मॅडम, व्हायरसच असणार,” प्लँट मॅनेजर वैद्य साहेब दारातूनच म्हणाले. “काल संध्याकाळपासून फाइलसुद्धा सेव्ह होत नाहीये. तीनच्या आत झालं पाहिजे. आणि गांगुर्डे, आज रिपोर्ट गेला नाही तर सोमवारपासून तुम्ही सिन्नरच्या स्टोअरला. मी लेटर टाइप करून ठेवलंय.”

गांगुर्डे काका म्हणजे क्वालिटीचे इन्स्पेक्टर. वीस वर्षं बोअर मोजण्यात गेलेली. ते कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, हातात खाकी पुठ्ठ्याची वही.

“स्टोअरला का?” साहेब गेल्यावर मी विचारलं.

“माझी वही आन कॉम्प्युटर जुळत नाय मॅडम. साहेब म्हणतात, गांगुर्डेला टायपिंग जमत नाय, आकडे चुकीचे टाकतो. इन्स्पेक्शनला कॉम्प्युटर येणारा माणूस पाहिजे.” त्यांनी वहीवरून हात फिरवला. “स्टोअरला जायचं दुःख नाय. पण चुकतो म्हणून पाठवलं, असं नाय जायचं मला.”

मला खरं सांगायचं तर त्यांची कीव आली आणि मीही साहेबांसारखंच समजले. या वयात माउस धरायला लागला की आकडे चुकणारच, असं मला वाटलं.

कामाला लागले. आधी मशीन रीस्टार्ट केलं. आमच्या धंद्यात हा पहिला देव. प्रसन्न झाला नाही. मग अँटिव्हायरस बंद करून पाहिला, अपडेटच्या सीडीवर ओरखडे असतील म्हणून सगळं हार्ड डिस्कवर उतरवून तिथून चालवलं. प्रत्येक वेळी अपडेट निम्म्यावर यायचं आणि तोच निरोप. शेवटी माझ्या खास लॉगिनने, म्हणजे ज्याला सगळ्या चाव्या असतात त्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने आत गेले. तरी डिनाइड! स्वतःच्या घरात स्वतःलाच मज्जाव. आता मात्र मी चिडले.

“काका, या मशीनवर कुणी काही इन्स्टॉल केलंय? गेम, गाणी, काहीही?”

“नाय मॅडम.”

“कुठली फाइल डिलीट केली?”

“नाय.”

मी पुन्हा सीडी घातली. एक वाजला. जेवणाची शिट्टी झाली. काकांनी डबा उघडलाच नाही, नुसता मांडीवर धरून बसले.

सगळे उपाय थकल्यावर माणूस मूळ गोष्टीकडे येतो. पॅकेज ज्या फोल्डरमध्ये बसलेलं असतं तिथे नव्या फाइली लिहायच्या, एवढंच तर अपडेट करतं. लिहू देत नाही म्हणजे त्या फोल्डरची परमिशन बघायला हवी होती. परमिशन म्हणजे कुणी आत यायचं, कुणी नुसतं वाचायचं आणि कुणी लिहायचं याची यादी. ती यादी उघडली. सगळ्यात वर लिहिलं होतं ‘एव्हरीवन’ आणि त्यासमोर लिहिण्याच्या रांगेत ‘डिनाय’वर ठसठशीत टिक.

विंडोजचा एक नियम आहे. एका यादीत तुम्हाला परवानगी असेल आणि दुसरीकडे मनाई, तर मनाई जिंकते. आणि एव्हरीवन म्हणजे सगळेच. त्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटरही आला. ही टिक आपोआप पडत नाही. कुणीतरी उजवं बटण दाबून, चार खिडक्या उघडून, समजून उमजून मारावी लागते.

मी मागे वळले. काका माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे बघत होते.

“काका, हे कुणी केलंय?”

“मी,” ते म्हणाले. “काल सुट्टी व्हायच्या आधी. पोरीच्या कॉम्प्युटर क्लासच्या पुस्तकात होतं.”

“मग मघाशी नाही का म्हणालात?”

“तुम्ही इन्स्टॉलचं विचारलं. मी काय इन्स्टॉल नाय केलं. कुलूप लावलं. रिपोर्ट बदलू नये एवढंच बघितलं मी. अपडेटला ते आडवं येईल हे नव्हतं ठाऊक.”

मी कपाळाला हात लावला. रिपोर्टचं फोल्डर मीच पॅकेजच्या फोल्डरमध्ये करून ठेवलं होतं, सगळं एका जागी सापडावं म्हणून. काकांनी आतल्या कपाटाऐवजी बाहेरच्या दाराला कुलूप घातलं होतं.

“पण यात तुम्हालाही लिहिता येत नाही, कळतंय का?”

“कळतंय ना. सकाळचे आकडे वहीतच हायेत. मला नाय लिहिता आलं तरी चालेल मॅडम. बाकीच्यांनाबी येत नाय ना.” मग त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. मशीन शॉपच्या कोपऱ्यात लाल रंगाची, पिंजऱ्यासारखी लोखंडी जाळी होती. “ती रिजेक्शनची जाळी. आधी माप चुकलेल्या बुशांची पेटी मी तिच्यात टाकायचो आन कुलूप लावायचो. माझ्या सहीशिवाय पेटी बाहेर नाय. आता डिस्पॅचवाले कॉम्प्युटरचा रिपोर्ट बघतात. तेव्हापासून जाळी रिकामी.”

त्यांनी वही उघडून परवाचं पान माझ्यासमोर धरलं. एका पेटीतल्या बुशांचा बोअर २०.०६ मिलिमीटर. चालणारी मर्यादा २०.०३. मी कॉम्प्युटरवर परवाची फाइल उघडली. त्याच पेटीपुढे २०.०१.

मग मी फाइलची माहिती पाहिली. प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली याची वेळ विंडोज आपणहून लिहून ठेवतं. परवाची फाइल बदलली होती संध्याकाळी सातला. काका फर्स्ट शिफ्टचे. साडेतीनला कार्ड पंच करून घरी जातात. त्याच्या आदल्या दिवशी, पावणेसात. त्याच्याही आधी, सात वाजून दहा मिनिटं.

संध्याकाळी इथे इन्स्पेक्टर नसतो. सेकंड शिफ्टचा सुपरवायझर असतो आणि पेट्या अडल्या की त्याचा माल अडतो. काल संध्याकाळी सेव्ह होत नाही म्हणून तक्रार करणारा तोच असणार. पण कॉम्प्युटरवर नाव सापडणार नव्हतं, कारण सगळे ‘क्यूसी’, म्हणजे क्वालिटी कंट्रोल, या एकाच नावाने आत यायचे. पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली होती.

चिठ्ठीवरचं अक्षर माझं होतं. पासवर्ड विसरला म्हणून अंबडहून रोज फोन यायचे. ते बंद व्हावेत म्हणून मीच एक लॉगिन केलं, त्याला सगळे अधिकार दिले आणि चिठ्ठी लावून मोकळी झाले. मघाशी मला काकांची कीव आली होती. आता स्वतःची लाज वाटली.

मी वैद्य साहेबांना बोलावलं. वही ठेवली, फाइलच्या वेळा दाखवल्या. त्यांनी वहीतला आकडा बोटाने धरून स्क्रीनवरच्याशी ताडून पाहिला.

“गांगुर्डे, मला आधी सांगायचं ना.”

“दोनदा सांगितलं साहेब. तुम्ही म्हणले, कॉम्प्युटर खोटं नाय बोलत.”

साहेबांनी घड्याळात पाहिलं. पावणेदोन झाले होते. “मॅडम, अपडेटला किती वेळ?”

“वीस मिनिटं.”

“करा. आणि परमिशन आता सगळ्यांना देऊन टाका. पुन्हा काम अडायला नको.”

“साहेब, सगळ्यांना मीच दिली होती. म्हणून तर हे झालं. चूक माझी आहे.” माझा आवाज चढला होता, पण आता मला थांबवत नव्हतं. “आजपासून प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. रिपोर्टमध्ये फक्त गांगुर्डे काका लिहितील. बाकी सगळे वाचतील.”

“आणि मी?”

“तुम्हीही वाचाल.”

“मला काही बदलायचं असेल तर?”

“काकांना सांगा. पटलं तर ते बदलतील.”

साहेब केबिनमध्ये गेले. मी डिनायची टिक काढली. अपडेट पहिल्या झटक्यात झालं. काकांच्या नावाचं लॉगिन केलं. रिपोर्टचं फोल्डर बाहेर काढून वेगळं ठेवलं, त्याला नीट कुलूप लावलं. काकांनी एका बोटाने, वहीत बघून बघून, सगळे आकडे पुन्हा भरले. मी शेजारी बसून तपासत होते. एकही चुकला नाही.

तीनला पुण्याचा माणूस आला. त्याने नव्या फॉर्मवरची प्रिंट बघितली, वही मागितली आणि एक पेटी उघडून स्वतः गेज लावून बोअर मोजला. २०.०६. परवाची ती पेटी आणि आणखी एक, अशा दोन पेट्या लाल जाळीत गेल्या. बाकीचा माल त्याने घेतला. सही करताना थांबून त्याने विचारलं, “पूर्वी इथे क्यूसी छापून यायचं. हे के. आर. गांगुर्डे कोण?”

“मी,” काका म्हणाले आणि स्टुलावरून उठून उभे राहिले.

सिन्नरचं लेटर त्यांना मिळालं नाही. पण साहेब सॉरीही म्हणाले नाहीत.

निघताना मी मॉनिटरवरची चिठ्ठी खरवडून काढली. तेव्हापासून कुठे अ‍ॅक्सेस डिनाइड दिसलं की आधी विचारते, हे कुणी बंद केलं आणि कशासाठी. आणि कुठल्याही मशीनवर सगळ्यांसाठी एक पासवर्ड ठेवत नाही. फोन खूप येतात. उचलते.