खडूच्या गोलातलं मॉस

आमच्या डहाणूच्या कॉलेजात बॉटनीला आम्ही तिघंच. मोठे सर, त्यांच्या हाताखाली शिकवणारी मी आणि कैनाड गावचे लॅब अटेंडंट लहानूकाका. तिघांत किस्से मात्र मॉससारखे, कुणी पेरत नाही तरी साचत जातात!

*

कैनाडच्या विहिरीवर दोन मॉस, म्हणजे मखमली शेवाळं, अगदी जुळी भावंडं. एक तालुकाभर, भिंत दिसली की चढतं. त्याची कुणाला चिंता नाही. दुसरं सरांना फक्त याच विहिरीवर सापडलेलं, तळहाताएवढं. त्याच्या पानाच्या टोकाला बारीक केस, एवढाच फरक. ते संपत चाललंय, वाचवा, असा अहवाल सर लिहीत होते.

एकदा घोलवड गावाहून आणलेलं मॉस मायक्रोस्कोपखाली बघता बघता सर ओरडले, "घोलवडलाही सापडलं! केस बघ केवढा!"

मी बघितलं. सरांच्या पापणीचा होता.

*

घोलवडच्या नर्सरीवाल्या गुजराती शेठना सरांनी दोन्ही दाखवली.

"दुर्मिळ म्हणजे नाजूकच ने, साहेब? कुंडीला साधंच द्या!"

*

दुपारभर सर विहिरीवर भिंग घेऊन बसत. मीही एकदा भिंगातून डोकावले. आत हिरवं रान, त्यावर ऊन सांडलेलं. माझी एसटी चुकली, आणि मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

पाणी भरता भरता काकांच्या वहिनीनं, रमीबाईनं विचारलं, "सर, आत कोन राहतं?"

"शेवटचे काही जण," सर म्हणाले.

*

मग रमीबाईच्या मुलीचं लग्न ठरलं. वऱ्हाडातलं कुणी घसरू नये म्हणून लग्नाआधी विहिरीचे दगड घासतात. सरांनी त्या मॉसभोवती खडूनं गोल काढला आणि कुणाला काही न सांगता निश्चिंत घरी गेले.

सोमवारी बघतो तर गोल लख्ख! भोवती साधं मॉस मजेत.

"येळ नवता, सर," रमीबाई कौतुकानं म्हणाली. "तुमी खूण केली तेवढं मात्र दगड दिसंपर्यंत घासलं!"

सरांकडे बघवेना. आता उरलं ते लॅबच्या कपाटातल्या पुडीत वाळलेलं चिमूटभर; कपाटाची किल्ली काकांकडे. अहवाल सरांनी बंद करून टाकला.

*

पुढचा पावसाळा सरता सरता लहानूकाका म्हणाले, "सर, एकदा विहिरीवर चला."

सर भिंग घेऊन वाकले ते वाकलेलेच. फटीत नखाएवढं हिरवं, टोकाटोकाला केस.

"हे आलं कुठून?" सरांनी भिंगावरून डोळा न काढता विचारलं.

काका विहिरीत बघत म्हणाले, "पाऊस बरा झाला ना, सर."

परतल्यावर मी कपाटातली पुडी उघडली. आत मॉस नव्हतं, फक्त सरांच्या अक्षरातली त्याच्या नावाची चिठ्ठी होती.