हलक्या हाताचा माणूस

माझ्या मामाचं चष्म्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काचेचं काउंटर, दोन्ही भिंतींवर फ्रेमांच्या रांगा, आणि मागच्या टोकाला नंबर तपासायची उंच खुर्ची. काउंटरच्या कोपऱ्यात टेबलदिव्याखाली मामाची जागा. तिथे बसून तो दिसतील न दिसतील असे बारीक स्क्रू चिमट्यात धरून फ्रेममध्ये बसवत असतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चष्मा चढवायचा तर तो इतक्या अलगद चढवतो, की माणसाला क्षणभर कळतच नाही. हातासारखाच त्याचा आवाजही हलका. लहानपणी आम्ही भाचरं त्याच्याकडे राहायला गेलो, की मामीच्या ओरडण्याने उठायचो आणि मामाच्या कुजबुजण्याने झोपायचो.

मामा मुखदुर्बळ, त्यामुळे गिऱ्हाइकांशी बोलायचं खातं मामीकडे. कुणाला कुठली फ्रेम शोभेल, कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय, सगळं तिला ठाऊक. मामा कोपऱ्यातून नुसता "हं" म्हणायचा.

एका वर्षी व्यापारी संघाने बाजारातल्या दुकानदारांसाठी प्रथमोपचाराचा वर्ग ठेवला. मामीने मामाला न विचारता दोघांची नावं देऊन टाकली. मामा म्हणाला, मला रक्त बघवत नाही. मामी म्हणाली, मग डोळे मिटून शिका.

वर्ग घ्यायला एक सिस्टर आल्या होत्या. नोकरीतून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या आणि कडक. भाजलं तर काय करायचं, घशात घास अडकला तर पाठीत कसे धपके मारायचे, हे मामाने नीट समजून घेतलं. पण हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायची वेळ आली आणि त्याची पंचाईत झाली. सरावासाठी रबराचा अर्धा पुतळा होता. नीट दाबलं की त्यातून टक्क असा आवाज यायचा. मामीने दाबला तर टकटक टकटक आवाज. मामाने दाबला तर पुतळा मुका. सिस्टरनी त्याला पुन्हा पुन्हा करायला लावलं. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही त्याला कुरवाळताय."

मामा ओशाळून म्हणाला, खरा माणूस असेल तर त्याला लागेल ना.

"ज्याचा श्वास थांबलाय त्याला लागत नाही," सिस्टर म्हणाल्या. "कोपर ताठ ठेवा, आणि अंगाचा सगळा भार द्या. हाताने नाही, अंगाने दाबायचं."

त्यानंतर पुतळ्यातून कसाबसा आवाज निघाला. घरी येताना मामी वाटभर हसत होती. ती म्हणाली, माझ्यावर वेळ आली तर कृपा करून दुसऱ्या कुणाला तरी बोलवा.

मामाच्या गिऱ्हाइकांत एक ड्रायव्हरकाका होते. आयुष्यभर शहरातली बस चालवून निवृत्त झालेले, आडव्या अंगाचे, आवाज हॉर्नसारखा. दरवर्षी ते यायचे आणि गेल्या वर्षीचा नंबर चुकलाय म्हणून भांडायचे. मामा पुन्हा तपासायचा, नंबर तोच निघायचा, मग ते फ्रेमवर घसरायचे. मामा हळू आवाजात काही सांगू लागला की म्हणायचे, "अहो चष्मेवाले, माझे डोळे अधू झालेत, कान नाहीत. तरी तुमचं काही ऐकू येत नाही." मामा गालात हसायचा. दोघांचं आपसांत फार बरं होतं, हे फक्त मामीला कळायचं. ड्रायव्हरकाका येऊन गेले की मामा दिवसभर खुशीत असायचा.

तर असेच ते त्या वर्षीही आले. सकाळची वेळ, दुकान नुकतंच उघडलेलं. मामाने त्यांना उंच खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. पहिल्या ओळी त्यांनी धडाधड वाचल्या. पुढे अडखळले. मामाने भिंग बदललं. ते म्हणाले, "सगळंच अंधुक दिसतंय हो," आणि एका बाजूला कलंडले.

मामीने मला नंतर सांगितलं की वर्गात पहिली आलेली ती, पण त्या क्षणी तिचे पाय जमिनीला खिळले. हातातलं फडकं हातातच राहिलं. मामाने एकट्याने काकांच्या काखेत हात घालून तो एवढा मोठा देह खुर्चीतून खाली घेतला आणि फरशीवर उताणा निजवला. खांदे हलवून हाका मारल्या. उत्तर नाही. काका मध्येच घोगरा आचका देत होते, पण त्याला श्वास म्हणायचं नाही, हे त्याला वर्गात शिकवलेलं आठवलं. आणि मग त्याने असा आवाज काढला, की शेजारचा औषधवाला हातातली पुडी टाकून धावत आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो आवाज मामीने कधी ऐकला नव्हता.

"अँब्युलन्स बोलवा! आणि तू इथे बस, मोज."

मामी खाली बसली आणि मोजू लागली. मामाने छातीच्या मधोमध तळहात ठेवला, त्यावर दुसरा ठेवला, कोपर ताठ केले आणि अंगाचा भार दिला. पहिल्याच दोनचार दाबांत खाली काहीतरी कट्ट मोडलं. मामीने ते ऐकलं. मामाच्या चेहऱ्याचा रंग उडालेला तिने पाहिला. तिला वाटलं, आता हा थांबणार. पण तो थांबला नाही. डोळ्यांतून पाणी वाहतंय, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलाय, आणि हात चाललेत. औषधवाल्याने फोनवर पत्ता सांगून झाल्यावर गुडघे टेकले आणि मामा थकला की त्याने दाबायचं, तो थकला की मामाने, असं चाललं. मामी मोजत राहिली. आकडे चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. दारात बघ्यांची गर्दी झाली, तेव्हा मोजता मोजताच तिने हाताने त्यांना बाजूला व्हायची खूण केली.

अँब्युलन्स आली. त्यातल्या लोकांनी काकांचा शर्ट कापला, छातीला पट्ट्या चिकटवून यंत्राने झटका दिला. पुन्हा दाबलं, पुन्हा झटका. मग त्यांच्यातली एक मुलगी काकांच्या मानेला बोटं लावून म्हणाली, "लागतेय नाडी." स्ट्रेचर नेताना ती मामाला म्हणाली की तुम्ही सुरू केलं नसतं, तर आम्ही येऊन काही उपयोग नव्हता. मामाला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. तो फरशीवर बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी मामी दवाखान्यात जाऊन आली. काका शुद्धीवर आलेत, बोलताहेत, असं तिने सांगितलं. मामाच्या जिवात जीव आला, पण तो भेटायला गेला नाही. उद्या जातो, म्हणाला. तेवढ्यात त्यांना हृदयविकाराचा दुसरा झटका आला आणि काका गेले.

मामाने हाय खाल्ली. आपण मोडलेली बरगडी आत कुठेतरी टोचली आणि त्यानेच काका गेले, हे त्याच्या मनाने घेतलं. मामीने सिस्टरना घरी बोलावून आणलं. त्यांनी समजावलं की नीट दाबलं तर बरगडी मोडतेच बऱ्याचदा, न मोडावी म्हणून हलकं दाबलं तर माणूस हातचा जातो. मामाने मान हलवली. पण दुकानात बसला की त्याच्या हाताला कंप सुटायचा. चिमट्यातला स्क्रू निसटून खाली पडायचा आणि मामी फरशीवर ओणवी होऊन तो शोधायची, एक अक्षर न बोलता. तिचं असं गप्प राहणं पाहून मला जास्त भीती वाटायची.

मग एके दुपारी काकू आल्या, ड्रायव्हरकाकांच्या पत्नी. मामीने त्यांना ओळखलं आणि लगबगीने खुर्ची पुढे केली. मामा दिव्याखालून उठला आणि तसाच उभा राहिला. काकू खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या. सगळं आवरण्यात इतके दिवस गेले, यायला उशीर झाला, असं त्या सांगत होत्या, तोच मामाने मध्ये तोंड उघडलं. त्याला ते पोटात ठेवणं अशक्य झालं होतं.

"काकू, मी त्यांची बरगडी मोडली."

"माहितीये की," काकू म्हणाल्या. "एक नाही, दोन."

मामा खाली बघू लागला. काकूंनी त्याला समोर बसायला सांगितलं.

"शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलले सांगू? म्हणाले, माझ्या छातीवरून कुणी बस नेली का? मी म्हटलं, बस नव्हे, तुमच्या चष्मेवाल्याने दाबलीये. तर यांचा विश्वासच बसेना. म्हणाले, तो? त्याच्या अंगात एवढा जोर? आणि लागले हसायला. हसलं की दुखायचं, दुखलं की कण्हायचे, आणि कण्हता कण्हता परत हसायचे. नर्स रागावली आम्हा दोघांना."

मामी तोंडाला पदर लावून हसू लागली आणि लगेच रडू लागली. मामा मात्र तसाच बसून होता.

काकूंनी मग जे सांगितलं ते मामी अजूनही तसंच्या तसं सांगते. त्या दिवशी सकाळी काका चष्म्याच्या दुकानाकडे निघाले, तेव्हा काकूंनी त्यांना जाता जाता कचऱ्याची पिशवी खाली न्यायला सांगितली होती. ते नेहमीसारखे विसरले आणि काकू जिन्यातून त्यांच्यावर ओरडल्या होत्या. "तिथेच संपलं असतं, तर जन्मभर मला तेच आठवलं असतं," त्या म्हणाल्या. "आमचं शेवटचं बोलणं म्हणजे कचरा. तुमच्यामुळे मला आणखी दोन दिवस मिळाले. मुलगी येऊन भेटली. माझा हात हातात घेऊन पडून राहिले होते. घरात कधी घेतला नाही हो त्यांनी असा हात. लाजायचे."

बाहेर कुणीतरी काचेवर टकटक केली, मामीने मानेनेच "नंतर या" सांगितलं.

मग काकूंनी विचारलं, नक्की कुठे हात ठेवले होते ते दाखवाल का. मामाने स्वतःच्या छातीवर जागा दाखवली. त्यांना समजेना. तेव्हा त्याने आपल्या खुर्चीवरची उशी घेऊन काउंटरवर ठेवली, काकूंचा तळहात तिच्या मधोमध ठेवला, त्यावर त्यांचा दुसरा हात ठेवला आणि कोपर सरळ केले. काकूंनी दाबलं. उशी खाली गेली, वर आली. पुन्हा दाबलं. चार-पाचदा दाबून झाल्यावर त्यांनी उशीवर डोकं टेकवलं आणि रडल्या. मामाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताला कंप नव्हता, हे मामीने दुरून पाहिलं.

त्यानंतर काकूंनी सिस्टरच्या पुढच्या वर्गात नाव घातलं. एकटीने जायला अवघडतं म्हणाल्या, म्हणून मामा सोबत गेला, आणि तिथून तो प्रत्येक वर्गाला जाऊ लागला. मोठ्या आवाजात शिकवणं त्याला कधीच जमलं नाही. तो मागच्या बाजूला बसायचा आणि जो कुणी भीत भीत दाबत असेल, त्याच्याशेजारी जाऊन गुडघे टेकायचा. बरगडी मोडली तर आवाज कसा येतो, तेव्हा आपल्याला काय वाटतं आणि तरी हात का थांबवायचे नाहीत, हे त्या एकाच माणसाला, कानाशी सांगायचा. सिस्टर म्हणायच्या, माझ्या ओरडण्याने जे होत नाही ते यांच्या पुटपुटण्याने होतं. मीही त्याच्याकडूनच शिकले. आतापर्यंत कुणावर करायची वेळ आलेली नाही.

मामावरही तशी वेळ पुन्हा आली नाही. एकदा बँकेच्या रांगेत एक बाई चक्कर येऊन पडल्या, तेव्हा त्याने त्यांना आडवं निजवून पायाखाली पिशवी दिली आणि शुद्ध येईपर्यंत वारा घालत बसला, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुकानात बोलायला माणूस नाही म्हणून काकू थोडे दिवस काउंटरवर बसायला आल्या. मामी बरी होऊन परतली तरी काकूंना जा म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि त्याही गेल्या नाहीत. आता दोघी मिळून गिऱ्हाइकाला फ्रेम निवडून देतात आणि दोघींचं कधी एकमत होत नाही. गिऱ्हाईक बिचारं कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघतं. मागच्या महिन्यात मी चष्मा करायला गेले, तर माझ्यावरूनही त्यांचं जुंपलं. मामी म्हणे काळी फ्रेम, काकू म्हणे तपकिरी. मामा दिव्याखाली बसून स्क्रू पिळत होता. मी त्याला विचारलं, तुला कुठली बरी वाटते. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग त्या दोघींकडे बघितलं, आणि म्हणाला, "हं."