एक्याण्णवच्या रांगा

गणिताच्या मास्तराला गणितात चुकायला फार काही लागत नाही, नुसता तोरा पुरतो. माझ्याकडं तो भरपूर होता. लातूर जिल्हा नवा झाला होता, अहमदपूर तालुक्यातल्या मुलींच्या शाळेत मीही नवाच लागलो होतो, आणि दोघांनाही आपण लई मोठे झालो असं वाटत होतं.

नव्या जिल्ह्याचे साहेब सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला येणार म्हणून कवायत ठरली. मुली एक्याण्णव. मैदानावर मारायला पाणी कुठलं? साल दुष्काळाचं, नुसता फुफाटा उडायचा. पण कवायतीच्या मास्तरांना चिंता रांगांची. एक रांग लहान, एक मोठी दिसली की त्यांना चैन पडत नसे. त्यांनी मला विचारलं, "सर, एक्याण्णवच्या सारख्या रांगा पडतील का हो?"

मी चहाचा कपही खाली ठेवला नाही. "शेवटी एक आहे, म्हणजे दोननं जात नाही, पाचनं जात नाही. नऊ न् एक दहा, म्हणजे तीननंही नाही. मूळ संख्या हाय मास्तर! एक काढा, नव्वद करा. नव्वदच्या पाहिजे तशा रांगा पाडा."

पटावरचं शेवटचं नाव निघालं. दुष्काळामुळं देगलूरकडून मामाच्या गावी आलेली, वर्षाच्या मधेच दाखल झालेली सातवीतली मुलगी. कवायतीसाठी आईनं तिला बापाच्या धोतराचा पांढरा झगा शिवला होता. ती रडली नाही, भांडलीही नाही. मला वाटलं, सुटलो.

कशाचं काय! दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती ओच्यात चिंचोके घेऊन माझ्यापुढं उभी.

"सर, शंभराच्या आतली संख्या असली की दोन, तीन, पाच आन् सात, चारीनं भागून बघा, असं फळ्यावर तुम्हीच लिहिलं व्हतं."

"हो, मग?"

"तुम्ही सातनं बघितलंत का?"

तिनं व्हरांड्यात चिंचोके मांडायला घेतले. सात-सातच्या तेरा रांगा झाल्या आणि ओच्यात एकही उरला नाही. तेरा साती एक्याण्णव! हा पाढा मी रोज पोरींकडून घोकून घ्यायचो. खरं सांगतो, आधी राग आला तो तिचाच. मग कानशिलं तापली.

संध्याकाळी सरावाच्या वेळी सगळ्यांसमोर कबूल केलं, "मास्तर, मी सातनं बघितलंच नव्हतं." पोरी खुदुखुदु हसल्या. मास्तर म्हणाले, "बरं झालं सर, तुम्ही फळ्यावर लिहिता ते पोरी तरी वाचतात." ती परत रांगेत आली, शेवटी.

सव्वीस जानेवारीला सकाळीच गावात टँकर आला. कवायतीतल्या दोघी बहिणी हंडे घेऊन तिकडं पळाल्या, आणि मैदानात उरल्या एकोणनव्वद. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. या खेपेला मी शहाण्यासारखा सातपर्यंत गेलो. बारा साती चौऱ्याऐंशी, वर पाच उरले. आता मात्र खरोखरच मूळ संख्या.

साहेबांची जीप फाटकात वळली. मास्तरांची नजर रांगेच्या शेवटाला गेली. तिनंही मनातल्या मनात भागून बघितलं असावं, कारण कुणी काही म्हणायच्या आतच ती मान खाली घालून बाजूला व्हायला लागली.

"काढायचं न्हाई!" मी असा ओरडलो की मुख्याध्यापक दचकले. "तिला झेंडा देऊन पुढं उभी करा. मागं अकरा-अकराच्या आठ रांगा."

ती झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढं चालली. झग्याच्या घेराला धोतराचा काठ तसाच होता. मी बघत राहिलो आणि डोक्यात लख्ख उजेड पडला: एक्याण्णवमधूनही एक पुढं काढली असती तर मागं नव्वदच राहिल्या असत्या. एवढं साधं मला पहिल्या दिवशी सुचलं नव्हतं.

तेराचा पाढा विसरलो, त्याचं आता मलाच हसू येतं. कपही खाली न ठेवता 'एक काढा' म्हणालो, त्याची मात्र अजून लाज वाटते.